मगे, सुटली काय तेची?

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी आई डायनिंग टेबलावर मेथी निवडत बसली होती. वर्तमानपत्र सापडलं नाही म्हणून तिने टेबलावर जे कागदासारखं दिसलं ते पुढे ओढलं आणि त्यावर जुडी सोडली. मी आंघोळ करून बाहेर आलो तेव्हा मुळांची ओली माती ज्यावर पडत होती ते माझं सेहेचाळीस वर्षांपूर्वीचं कॉमिक होतं. मी ओरडलोच. आईने शांतपणे देठ बाजूला केले, पदराने पान पुसलं आणि मग त्या पानाकडे नीट बघितलं. काळ्या डोळ्यांचा, केस पिंजारलेला एक माणूस आणि त्याच्याभोवती डॉक्टर, नर्स, विचित्र चेहऱ्यांची गर्दी. "ह्यो कोण? राक्षस?" मी म्हटलं, नाही, अॅलिस कूपर म्हणून अमेरिकेतला रॉक गायक आहे. खराखुरा आहे, अजून जिवंत आहे. दारू सोडायला हॉस्पिटलात गेला होता, त्याची गोष्ट आहे ही. आईला इंग्रजी वाचता येत नाही, पण चित्रं वाचता येतात. चष्मा वर सरकवून तिने चार-पाच पानं उलटली, शेवटच्या पानावर थांबली, मेथीचा एक देठ मोडला आणि विचारलं, "मगे, सुटली काय तेची?"

मी म्हटलं, "हो."

इतक्या पटकन म्हटलं की माझं मलाच खटकलं. आई पुन्हा मेथीकडे वळली, मी कॉमिक उचलून पंख्याखाली वाळत घातलं आणि तो 'हो' मात्र दिवसभर दातात अडकलेल्या सुपारीसारखा राहिला. कारण ते कॉमिक निघालं तेव्हाचं उत्तर 'हो' नव्हतं. आणि आजचं उत्तर 'हो'च आहे.

कॉमिक भाच्याने आणलेलं. तो अॅरिझोनात शिकतो, फिनिक्सच्या जवळ. तिथे जुन्या कॉमिकांच्या दुकानात त्याला हे प्लॅस्टिकच्या पिशवीत दिसलं आणि त्याला आठवलं की आपल्या मामाच्या कपाटात या माणसाची एक कॅसेट आहे. ती मी हॉस्टेलमध्ये असताना घेतली होती, १९८९ सालच्या 'ट्रॅश' या अल्बमची. तेव्हा 'पॉयझन' हे गाणं आमच्या मजल्यावर इतकं वाजायचं की रेक्टरला त्याची चाल पाठ झाली होती. अॅलिस कूपर हा पुरुष आहे हे कळायलाही आमच्यातल्या काहींना वेळ लागला होता. असो. कॉमिक म्हणजे 'मार्व्हल प्रीमियर'चा ५०वा अंक, ऑक्टोबर १९७९, किंमत ४० सेंट. या मालिकेत मार्व्हल नवी पात्रं चाचपून बघायचं. तीनच अंक आधी, ४७व्या अंकात, स्कॉट लँगने पहिल्यांदा अँट-मॅनचा पोशाख चढवला होता. म्हणजे मुंगीएवढा होणारा माणूस होऊन गेला, आता रंगमंचावर रोज स्वतःची मुंडी छाटून घेणारा माणूस. लेखकांच्या यादीत खुद्द अॅलिस कूपर आहे, सोबत रॉजर स्टर्न, जिम सॅलिक्रप आणि एड हॅनिगन. पेन्सिल टॉम सटनची, शाई टेरी ऑस्टिनची. सटनचा हात भयकथांमध्ये मुरलेला, ते इथे कळतं. कोपऱ्याकोपऱ्यात त्याने काहीतरी वळवळतं ठेवलंय. कागद पिवळा पडलाय आणि त्याला जुन्या रद्दीचा गोडसर, किंचित कुबट वास आहे. आता त्यात मेथीचीही भर.

गोष्टीचा उगम गाण्यांत आहे. १९७७च्या अखेरीला हा माणूस न्यूयॉर्क राज्यातल्या एका मनोरुग्णालयात दारूसाठी दाखल झाला. त्याआधी काही वर्षं बिअर सकाळपासून सुरू व्हायची, मग व्हिस्की, आणि शेवटी सकाळी उठल्यावर रक्ताच्या उलट्या. आत जी माणसं भेटली त्यांच्यावर त्याने बाहेर आल्यावर एल्टन जॉनचा गीतकार बर्नी टॉपिन याच्याबरोबर गाणी लिहिली. 'फ्रॉम द इनसाइड' हा तो १९७८चा अल्बम. व्हिएतनामहून परतलेला एक सैनिक, एक नर्स, मिली आणि बिली नावाचं एक खुनी जोडपं, भिंतींना गाद्या लावलेली एक खोली. तीच मंडळी कॉमिकात येतात. पण कॉमिकवाल्यांनी त्यावर आणखी एक डाव रचला: नावांचा घोळ होतो आणि आपला अॅलिस भलत्याच कूपरच्या जागी अडकतो. तिथून पुढे गोष्ट दारूला विसरते आणि गोंधळाच्या, पळापळीच्या मागे लागते. आईला शेवटच्या पानावर उत्तर सापडलं नाही यात तिच्या इंग्रजीचा दोष नव्हता.

खरं सांगायचं तर कॉमिक मला पूर्ण आवडलेलं नाही. हसायला येतं, चित्रं देखणी आहेत, पण वेडाच्या इस्पितळातली माणसं भुतांसारखी काढून त्यांच्यावर विनोद करायचा, हे आता वाचताना अंगावर येतं. शिवाय ज्या माणसाच्या आयुष्याची ही गोष्ट आहे तो यात असा मिश्किलपणे वावरतो की जणू त्याला काही झालंच नव्हतं. दोन वर्षं आधी मार्व्हलनेच 'किस' या बँडचं कॉमिक काढलं होतं. तेव्हा त्या चौघांनी आपलं थोडं थोडं रक्त काढून लाल शाईच्या पिंपात ओतल्याचा मोठा गाजावाजा झाला, नोटरीचा शिक्कासुद्धा मारून घेतला. इथे तसं काही केलं नाही. गरजही नव्हती, या माणसाचं रक्त आधीच बेसिनमध्ये पडून गेलेलं होतं. ते मात्र कॉमिकात नाही.

ते गाण्यात आहे. त्या अल्बममध्ये एक हळवं गाणं आहे, इस्पितळातून घरी निघालेल्या नवऱ्याने बायकोला लिहिलेल्या पत्रासारखं. मी आता शुद्धीवर आहे, तर तू माझ्याकडे कशी बघशील, असा त्याचा सूर. अमेरिकेच्या यादीत ते १२व्या क्रमांकापर्यंत चढलं. एवढी आरडाओरड करणारा माणूस असं काही गाईल असं हॉस्टेलमध्ये आम्हाला वाटलं नव्हतं. कोणाच्या तरी कॅसेटवर ते गाणं लागलं की आम्ही पुढे ढकलायचो. कॅसेट पुढे ढकलताना जो किरकिर आवाज येतो, त्यात ते संपून जायचं.

आईने त्या दिवशी दुपारी चहाच्या वेळी पुन्हा विषय काढला. "पण तो असो रंग कित्याक लावता?" मग मी तिला सगळं सांगत बसलो. त्याचं खरं नाव व्हिन्सेंट फर्निअर, जन्म १९४८चा, डेट्रॉइटचा, वडील धर्मोपदेशक. म्हणजे प्रवचनकाराचं पोर. फिनिक्सला शाळेत असताना मित्रांबरोबर बँड काढला, आणि सगळे बँड जेव्हा नायक व्हायला निघाले होते तेव्हा यांनी ठरवलं की आपण खलनायक व्हायचं. एखाद्या प्रेमळ म्हातारीला शोभेल असं नाव घेतलं आणि डोळ्यांखाली काजळ ओघळवलं. पुढे तो कायद्यानेही अॅलिस कूपर झाला. गळ्यात अजगर घेऊन गातो हे सांगितल्यावर आईने नुसतं "हां" केलं. आमच्या वाडीत नागपंचमीला याहून जास्त पाहिलंय तिने. पण टोरांटोची कोंबडी तिला फार आवडली.

१९६९चा सप्टेंबर, स्टेडियममधला मोठा जलसा. त्याच दिवशी जॉन लेननही तिथे गायला होता. अॅलिसच्या कार्यक्रमात कुठून तरी एक जिवंत कोंबडी रंगमंचावर आली. हा शहरात वाढलेला मुलगा. त्याला वाटलं, पंख आहेत म्हणजे उडेल. म्हणून त्याने ती प्रेक्षकांवर भिरकावली. ती उडाली नाही, पडली, आणि पुढच्या रांगांमधल्या लोकांनी तिचे तुकडे केले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आलं की या गायकाने रंगमंचावर कोंबडीचं मुंडकं चावून रक्त प्यायलं. त्यांच्या रेकॉर्ड कंपनीचा मालक फ्रँक झप्पाने फोन करून विचारलं, खरंच केलंस का? हा म्हणाला, नाही. तर झप्पाचा सल्ला असा की, मग ते कोणाला सांगू नकोस.

आई बशीतला चहा फुंकत म्हणाली, "गावठी आसती तर उडान गेली आसती."

मी हसत सुटलो, पण रॉकच्या इतिहासावर याहून नेमकी टिप्पणी मी वाचलेली नाही. गावठी कोंबडी संध्याकाळी फणसावर चढून बसते हे त्या प्रवचनकाराच्या पोराला कोण सांगणार?

मला स्वतःला या माणसाचा रंग कधी परका वाटला नाही, त्याचं कारण बहुधा दशावतार. आमच्या गावच्या जत्रेत रात्री दहाला संकासुर यायचा. काळा झगा, काळं टापरं, लाल जीभ. आम्ही पोरं रांगेत पुढे बसून एकमेकांना चिकटायचो. तो कोणाच्या तरी अंगावर धावून यायचा आणि पायाखालची चटईसुद्धा ओढल्यासारखी वाटायची. मग तो मरायचा. दरवर्षी मरायचा, नेमाने. उत्तररात्री आख्यानातले राक्षस मरायचे. एका पहाटे लघवीला म्हणून उठून मी देवळामागे गेलो तर तिथे रात्री मेलेला राक्षस पेट्रोमॅक्सच्या उजेडात पत्र्याच्या पेटीवर बसून पाव बुडवून चहा पीत होता. अर्धा रंग पुसलेला, अर्धा तसाच. मला बघून म्हणाला, "काय रे झिला, झोप नाय?" तो आवाज इतका साधा, थकलेला होता की मी रात्री घाबरलो नव्हतो तेवढा तेव्हा घाबरलो.

अॅलिस कूपरचा हिशोब नेमका हाच आहे. त्याच्या कार्यक्रमात दुष्टाला शिक्षा होते. आधी विजेची खुर्ची, मग फाशी, आणि १९७३मध्ये गिलोटिन. ते गिलोटिन तयार करून दिलं जादूगार जेम्स रँडीने, जो पुढे भोंदू बाबांचे बुरखे फाडण्यासाठी प्रसिद्ध झाला. त्या दौऱ्यात जल्लादाचं कामही तोच करायचा. पात्याखाली मान जायची, मुंडकं टोपलीत पडायचं, आणि मग हा पांढऱ्या सुटाबुटात हसत पुन्हा हजर. शुद्ध दशावतार. इंग्लंडमध्ये मेरी व्हाइटहाउस या संस्कृतिरक्षक बाईंनी त्याच्या 'स्कूल्स आउट' या गाण्याविरुद्ध मोहीम उघडली तेव्हा त्याने त्यांना फुलं पाठवली, तुमच्यामुळे खप वाढला म्हणून. मुलाखतींत तो अॅलिसबद्दल 'तो' म्हणून बोलतो. तो असं करतो, त्याला असं आवडत नाही. मी गोल्फ खेळतो, तो खेळणार नाही. हे नुसतं लाडीक बोलणं असेल असं मला पूर्वी वाटायचं. मग कळलं की एक काळ असा होता जेव्हा त्याला दोघांमधली सीमा सापडत नव्हती, आणि बाटली त्या सीमेवरच ठेवलेली असायची. देवळामागच्या त्या दशावताऱ्याला निदान पेटी होती, चहा होता, रंग पुसायला खोबरेल तेलाचं फडकं होतं.

कॉमिक बाजारात आलं तेव्हा तो बरा झालेला, हसतमुख, लग्नाला तीन वर्षं झालेला माणूस होता. आदल्या वर्षी हॉलिवूडच्या डोंगरावरची ती मोडकळलेली अक्षरं नवी करायला त्याने एका 'ओ'चे २७,७७८ डॉलर भरले होते, विनोदी नट असलेल्या मित्राच्या, ग्राउचो मार्क्सच्या नावाने. सगळं कसं सुरळीत. कॉमिक म्हणजे त्याच्या सुटकेचा छापील पुरावाच जणू.

आमच्याकडे पेढे वाटले होते.

आईचा धाकटा भाऊ, अप्पामामा, कुडाळच्या बाजारात शिवणकामाचं दुकान चालवायचा. हात असा की विजारीची घडी सुरीसारखी पडायची. पिऊन मशीनवर बसायला लागला आणि एके दिवशी सुई बोटातून आरपार गेली, तेव्हा आईने हट्टाने त्याला व्यसनमुक्ती केंद्रात पाठवलं. साल १९९४. महिनाभराने तो परतला तेव्हा स्टँडवर आम्ही दहा-बारा जण गेलो होतो. रवळनाथाला नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, वाडीत घरोघर पेढे दिले. मी एका डब्यात उरलेले चार खाल्ले होते, केशराचा रंग बोटांना लागला होता ते आठवतंय. मामा खळ्यात खुर्चीवर बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि प्रत्येक येणारा त्याच्याकडे बघत होता. ते बघणं मला आज आठवतं. त्या गाण्यातला माणूस ज्याला भ्यायला होता, ते हेच. चवथीला, गणपती आणायला गेलेला मामा रात्री उशिरा दोघांच्या खांद्यावरून घरी आला. पाट रिकामाच होता. गणपती शेजारच्यांनी आणून ठेवला.

नंतर वाडीत कित्येक महिने ते पेढे परत परत वाटले गेले, तोंडाने.

कॉमिकनंतर अॅलिस कूपरचंही तेच झालं. १९८१ ते ८३ या काळात त्याचे तीन अल्बम आले, त्यातल्या शेवटच्याचं नाव 'दादा' आहे (आपला दादा नव्हे), आणि ते आपण कधी केले हे आठवत नाही असं तो स्वतःच सांगतो. १९८३च्या अखेरीस बायको शेरिलने घटस्फोटाचा अर्ज केला. त्याच वर्षी तो पुन्हा इस्पितळात गेला. यावेळी पत्रकार नव्हते, टॉपिन नव्हता, मार्व्हल तर नव्हतंच. रेकॉर्ड कंपनीनेही हात काढून घेतला होता. बाहेर आल्यावर तो फिनिक्सला जाऊन राहिला, बायको परत आली, आणि दारूच्या वेळेला काहीतरी हवं म्हणून हा गोल्फ खेळायला लागला, रोज, वेड्यासारखा. १९८६च्या ऑक्टोबरात तो पुन्हा काजळ लावून उभा राहिला तो कोरडा, आणि तेव्हापासून कोरडाच आहे. आता गिलोटिन आहे, अजगर आहे, रक्त आहे, आणि कार्यक्रम संपल्यावर डाएट कोक. पुढे १९९४मध्ये मार्व्हलनेच नील गेमनकडून त्याच्यावर आणखी तीन अंकांची एक गोष्ट लिहून घेतली, मायकेल झुलीच्या चित्रांची. फार सुंदर आहे ती. पण त्यात तो एका गूढ नाट्यगृहाचा मालक आहे, पोरांना भुलवणारा. सोंगच ते. फिनिक्सच्या उन्हात टोपी घालून एकटाच चेंडू मारत हिंडणारा चाळिशीकडे झुकलेला माणूस त्यात नाही.

हे सगळं मनात घोळत असताना चारेक दिवसांनी मी आईला म्हटलं, "तुला त्या दिवशी चुकीचं सांगितलं. तेव्हा नव्हती सुटली त्याची. परत लागली. मग चार वर्षांनी सुटली, ती कायमची."

आई देवाच्या वाती वळत होती. "बायल व्हती मां?"

"होती. गेली होती सोडून, मग आली."

"हां." कापसाची एक वात तिने दोनदा वळली. मला वाटलं आता ती मामाचं काहीतरी बोलेल. अप्पामामा दुसऱ्यांदा गेला १९९८मध्ये, स्वतःच्या पायांनी, कोणाला न सांगता, दुकानाची किल्ली बाजूच्या पानवाल्याकडे ठेवून. परत आला तो रात्रीच्या शेवटच्या एसटीने. स्टँडवर कोणी नव्हतं. मी तेव्हा पुण्यात नोकरीला लागलो होतो, मला आईचं पत्र आलं, त्यात खाली एक ओळ होती, अप्पा आला आहे, बरा आहे. मी उत्तरात त्याच्याबद्दल काही विचारलं नाही. कोण विश्वास ठेवणार, असं तेव्हा मनात होतं. त्यानंतर अकरा वर्षं तो जगला आणि त्या अकरा वर्षांत त्याने थेंबाला हात लावला नाही. माझ्या लग्नाचा सूट त्यानेच शिवला, मापं घेताना त्याच्या तोंडाला बडीशेपेचा वास येत होता, आणि त्याने माझ्याकडे वर न बघता विचारलं होतं, "खिसो आतसून व्हयो काय भायरसून?" एवढंच. मी बाहेरून म्हटलं.

आईने वाती डब्यात ठेवल्या, झाकण लावलं. कॉमिक टीव्हीजवळ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं होतं, त्याच्याकडे मानेने खूण करत म्हणाली, "आणि त्या दुसऱ्या खेपेचा पुस्तक कोणी काढूक नाय?"